परदेशातले उन्हाळी सत्र आणि पैशाची जुळणी

अमेरिकेतील बहुतेक कॉलेजांचे वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते आणि मे महिन्यात संपते. मधल्या अडीच-तीन महिन्यांत चार ते आठ आठवडे दुसऱ्या देशात राहून शिकायचे आणि तिथे मिळवलेली क्रेडिट्स आपल्या पदवीत जमा करून घ्यायची, या प्रकाराला तिकडे ‘समर स्टडी अब्रॉड’ म्हणतात. कोणी स्पेनमध्ये स्पॅनिश शिकतो, कोणी फ्लॉरेन्सला कलेचा इतिहास, कोणी कोस्टा रिकात पर्यावरणशास्त्र, तर कोणी जयपूरला हिंदी. परदेशी शिकायला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांत उन्हाळ्यात जाणाऱ्यांचा गट सर्वांत मोठा आहे. कोविडपूर्वी, २०१८-१९ मध्ये, क्रेडिटसाठी परदेशी गेलेल्यांचा एकूण आकडा ३,४७,०९९ होता. २०२०-२१ मध्ये तो १४,५४९ वर घसरला आणि २०२२-२३ पर्यंत पुन्हा २,८०,७१६ वर आला.

या प्रथेची सुरुवात शंभर वर्षांपूर्वीची. ७ जुलै १९२३ रोजी डेलावेअर विद्यापीठाचे आठ विद्यार्थी रेमंड किर्कब्राइड या फ्रेंचच्या प्राध्यापकाबरोबर बोटीने फ्रान्सला निघाले. किर्कब्राइड पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून फ्रान्समध्ये राहून आले होते. ही योजना उभी राहिली ती मुख्यतः खासगी देणग्यांच्या आधारावर, आणि पुढची कित्येक दशके परदेशातले शिक्षण ही ऐपतदार घरांतल्या मुलांची गोष्ट राहिली. सरकारी पैसा या क्षेत्रात आला तो फार नंतर, तोही टप्प्याटप्प्याने.

८ नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या सॅन मार्कोस येथे, ज्या कॉलेजात ते स्वतः शिकले तिथेच, उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. या कायद्याच्या चौथ्या प्रकरणावर अमेरिकी विद्यार्थ्यांच्या सरकारी मदतीचा सारा डोलारा उभा आहे. १९७२ च्या दुरुस्तीने गरजू विद्यार्थ्यांना थेट अनुदान देण्याची सोय झाली. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांनी तिचा पाठपुरावा केला म्हणून १९८० मध्ये त्या अनुदानाला त्यांचे नाव मिळाले. पेल ग्रँट परत फेडावी लागत नाही. २०२४-२५ साठी तिची कमाल रक्कम वर्षाला ७,३९५ डॉलर होती.

तरीही परदेशी अभ्यासक्रमाला ही मदत वापरता येते का, यावर कॉलेजागणिक वेगळे उत्तर मिळे. परदेशी जाणे पदवीसाठी सक्तीचे नसेल तर त्यावर सरकारी पैसा कशाला, असा अनेक ठिकाणचा सूर होता. १९९२ च्या दुरुस्तीने हा प्रश्न निकालात काढला. मूळ कॉलेजने क्रेडिटसाठी मंजूर केलेला परदेशी अभ्यासक्रम असेल, तर तो पदवीसाठी आवश्यक असो वा नसो, विद्यार्थी मदतीस पात्र ठरतो. खर्चाचा अंदाज धरताना परदेशी राहण्या-शिकण्याचा वाजवी खर्चही कॉलेजला मोजता येतो. एका ओळीच्या या तरतुदीने जेवढी दारे उघडली तेवढी एखाद्या मोठ्या योजनेनेही क्वचितच उघडली असतील.

दार उघडे असले तरी उन्हाळ्यात त्यातून आत शिरणे सोपे नाही, आणि त्याचे कारण कॅलेंडरमध्ये आहे. सरकारी मदतीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. जूनमध्ये सुरू होऊन जुलैच्या मध्यावर संपणारे उन्हाळी सत्र नेमके दोन वर्षांच्या सांध्यावर पडते. ते मागच्या वर्षाचे शेपूट मानायचे की पुढच्या वर्षाचे डोके, हे प्रत्येक कॉलेज ठरवते. मदत कार्यालयातल्या भाषेत पहिल्या पद्धतीला ‘ट्रेलर’ आणि दुसरीला ‘हेडर’ म्हणतात. वरवर हा हिशेबनिसांचा मामला वाटतो, पण विद्यार्थ्याच्या खिशात किती पडणार ते यावरच ठरते.

सरकारी कर्जाचे उदाहरण घेतले तर हे लगेच दिसते. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि तिसऱ्या वर्षापासून ७,५०० डॉलर एवढेच सरकारी कर्ज वर्षाला काढता येते. ही मर्यादा पूर्ण वर्षाची आहे, उन्हाळ्यासाठी वेगळी नाही. ‘ट्रेलर’ पद्धतीच्या कॉलेजात ज्याने हिवाळी आणि वसंत सत्रांतच सगळी मर्यादा वापरली, त्याच्यासाठी उन्हाळ्यात काही शिल्लक राहत नाही. ‘हेडर’ असेल तर पुढच्या वर्षाच्या मर्यादेतून आधीच उचल घेता येते, मात्र तेवढी रक्कम पुढल्या मार्चमध्ये कमी पडते. म्हणून उन्हाळ्यात परदेशी जायचे ज्याच्या मनात आहे, त्याने आदल्या ऑगस्टमध्येच कर्जाचे तीन भाग पाडून घ्यावे लागतात. ही गोष्ट विद्यार्थ्याला बहुधा एप्रिलमध्ये कळते, आणि तोवर पैसे वापरून झालेले असतात.

पेल अनुदानाचा उन्हाळ्याशी असलेला संबंध तर तीनदा बदलला. २००८ च्या कायद्याने एका वर्षात एकाहून अधिक पेल ग्रँट घेण्याची मुभा दिली आणि २००९-१० पासून ती अमलात आली. खर्च अंदाजापेक्षा फार वाढला, म्हणून २०११ मध्ये ती काढून घेण्यात आली. सहा वर्षांनी, १ जुलै २०१७ पासून, ती परत आली. आता पात्र विद्यार्थ्याला वर्षभरात त्याच्या ठरलेल्या रकमेच्या दीडपटीपर्यंत पेल मिळू शकते. अट अशी की वाढीव हप्ता ज्या सत्रात घ्यायचा, त्या सत्रात निदान अर्धवेळ नोंदणी हवी. म्हणजे बहुतेक कॉलेजांत किमान सहा क्रेडिट्स. परदेशातले कित्येक छोटे उन्हाळी अभ्यासक्रम तीनच क्रेडिट्सचे असतात. दोन्ही सत्रांत पूर्णवेळ पेल घेतलेला विद्यार्थी असा तीन क्रेडिट्सचा अभ्यासक्रम निवडतो तेव्हा वाढीव अनुदानातली दमडीही त्याला मिळत नाही, आणि कर्जही मिळत नाही, कारण कर्जालाही अर्धवेळेची अट आहे. सहा क्रेडिट्सचा अभ्यासक्रम जास्त महाग असूनही गरजू विद्यार्थ्याला तोच स्वस्त पडू शकतो तो यामुळे. आणखी एक बंधन आयुष्यभराचे आहे: पेल ग्रँट एकूण बारा सत्रांइतकीच मिळते, आणि उन्हाळ्यात घेतलेला हप्ताही त्यातून वजा होतो.

हे सगळे एका हिशेबात पाहिले की नीट समजते. समजा, एका सरकारी विद्यापीठातली तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी १ जूनपासून सहा आठवडे स्पेनला जाणार आहे. कोर्सची फी राहण्यासह ५,२०० डॉलर, विमानाचे तिकीट १,१००, जेवण व स्थानिक प्रवास ७००, नवा पासपोर्ट १६५ आणि विमा ९०, असा ७,२५५ डॉलरचा खर्च धरू. तिला कमाल पेल मिळते, म्हणजे प्रत्येक सत्राला सुमारे ३,६९८ डॉलर. उन्हाळ्यात पूर्णवेळेच्या बारा क्रेडिट्सऐवजी सहाच घेतल्याने त्याच्या निम्मे, सुमारे १,८४९ डॉलर मिळतील. दोन्ही सत्रांत तीन-तीन हजारांचेच कर्ज घेतल्यामुळे ७,५०० च्या मर्यादेतले १,५०० उरले आहेत. एखादी शिष्यवृत्ती ३,००० ची मिळाली असे मानू. तिन्हींची बेरीज ६,३४९. वरचे ९०६ डॉलर घरून आणावे लागतील.

पण खरा खड्डा याहून मोठा आहे. अमेरिकी विद्यार्थी उन्हाळ्यात कमावतात आणि त्या कमाईवर पुढचे वर्ष काढतात. संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. आठवड्याला चाळीस तास धरले तर सहा आठवड्यांची बुडालेली मजुरी १,७४० डॉलर होते. वरच्या ९०६ मध्ये ती मिळवली की या विद्यार्थिनीला २,६४६ डॉलरची तोशीस पडते. काही खासगी कॉलेजे तर मदतीचा आकडा ठरवतानाच ‘उन्हाळी कमाईतून विद्यार्थ्याचा वाटा’ अशी रक्कम गृहीत धरतात. तिथल्या विद्यार्थ्याने ती रक्कम माफ करण्याची लेखी विनंती करायला हवी. काही कॉलेजे ती मान्य करतात, पण न मागता माफी मिळत नाही.

त्याहून अवघड बाब पैसे हातात पडण्याच्या तारखेची आहे. नियमानुसार सरकारी मदत सत्र सुरू होण्याच्या फार तर दहा दिवस आधी कॉलेज देऊ शकते. आधी त्यातून फी वळती होते. जे उरते ते चौदा दिवसांच्या आत विद्यार्थ्याला द्यायचे असते. म्हणजे वरच्या विद्यार्थिनीचे पैसे लवकरात लवकर २२ मे रोजी येणार. तिला जागा राखण्याची अनामत मात्र फेब्रुवारीत भरायची आहे, पासपोर्टचा अर्ज त्याच सुमारास करायचा आहे आणि तिकीट मार्चमध्ये काढले नाही तर महागणार आहे. कागदोपत्री मंजूर मदत आणि हातात असलेली रोकड यांतले हे तीन महिन्यांचे अंतर कोणी तरी भरून काढावे लागते. सुस्थितीतल्या घरात वडिलांचे क्रेडिट कार्ड ते काम करते. ज्या घरात तशी सोय नाही, तिथली मुलगी मदतीस पूर्ण पात्र असूनही घरी राहते. या योजनांमधली सर्वांत मोठी त्रुटी हीच आहे. काही कॉलेजे यावर बिनव्याजी अल्पमुदतीची उचल देतात किंवा मदत येईपर्यंत अनामत भरण्याची मुदत वाढवून देतात. ही सोय प्रत्येक कॉलेजात असायला हवी.

कागदपत्रांची बाजू त्या मानाने सरळ आहे. सगळ्याचे मूळ ‘फाफ्सा’ या एकाच मोफत अर्जात आहे. कुटुंबाचे उत्पन्न, माणसे आणि मालमत्ता यांवरून त्यातून गरजेचा निर्देशांक निघतो. अभ्यासक्रम दुसऱ्या विद्यापीठाचा किंवा मध्यस्थ संस्थेचा असेल तर मूळ कॉलेज आणि ती संस्था यांच्यात करार व्हावा लागतो, ज्यात मदत कोण देणार आणि क्रेडिट्स कशी जमा होणार हे लिहिलेले असते. यासोबत परदेशी खर्चाचे अंदाजपत्रक मदत कार्यालयात द्यायचे असते. विमानभाडे, व्हिसा, विमा हे त्यात लिहिले नाही तर कार्यालय नेहमीच्या वसतिगृहाचा आणि जेवणाचाच खर्च धरते, आणि मदतीची मर्यादा तेवढ्यावरच अडते. अभ्यास अर्धवट टाकून परतणाऱ्यावर वेगळाच भार येतो. सत्राचे ६० टक्के दिवस पुरे होण्याआधी जो सोडतो, त्याची मदत हजेरीच्या प्रमाणात कापून सरकारला परत जाते. बेचाळीस दिवसांच्या सत्रातून एकविसाव्या दिवशी परतले तर निम्मी रक्कम गेली असे धरावे. संस्था आपली फी मात्र सहसा परत करत नाही.

कॉलेजची स्वतःची मदत हा श्रीमंत खासगी कॉलेजांतल्या गरजू मुलांचा मुख्य आधार असतो. ती बहुतेक ठिकाणी फक्त दोन नियमित सत्रांपुरती असते, उन्हाळ्याला लागू होत नाही. हिवाळी सत्र परदेशात घालवले तर हजारो डॉलरची मदत बरोबर जाते. तेच शिक्षण जूनमध्ये घेतले तर शून्य. उन्हाळा लहान म्हणून स्वस्त, हा समज इथे फसतो. गडगंज देणग्या असलेल्या विद्यापीठांनी यावर वेगळे निधी उभे केले आहेत. येल विद्यापीठाने मदत घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी परदेशी अभ्यासाचे खास अनुदान चालवले आहे. सरकारी विद्यापीठांत असे निधी लहान आणि विखुरलेले असतात. भाषा विभागाकडे थोडा, माजी विद्यार्थी संघाकडे थोडा, ऑनर्स कॉलेजकडे थोडा. ते शोधायला एकेका कार्यालयाचा उंबरा झिजवावा लागतो.

बाहेरच्या शिष्यवृत्त्यांत पहिले नाव गिलमन शिष्यवृत्तीचे. २००० साली संसदेने केलेल्या कायद्यातून ती आली आणि न्यूयॉर्कचे रिपब्लिकन प्रतिनिधी बेंजामिन गिलमन यांचे नाव तिला मिळाले. ती फक्त पेल ग्रँट घेणाऱ्या पदवी-विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि तिचे मोल याच अटीत आहे. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातला विद्यार्थीही अर्ज करू शकतो. रक्कम ५,००० डॉलरपर्यंत; देशाला गरजेच्या मानलेल्या भाषांपैकी एखादी शिकणाऱ्याला आणखी ३,००० पर्यंत. आजवर चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थी तिच्या आधारावर परदेशी जाऊन आले. अर्जाच्या मुदती ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि मार्चच्या सुरुवातीला अशा दोन असतात. मार्चचा निकाल लागेपर्यंत मे उजाडतो, म्हणून मेअखेर निघणाऱ्याने ऑक्टोबरचीच मुदत गाठावी. परतल्यावर आपल्या कॉलेजात किंवा गावात या शिष्यवृत्तीची माहिती पसरवणारा एक छोटा उपक्रमही विद्यार्थ्याने करायचा असतो. ज्यांच्या घरात कोणाकडेच पासपोर्ट नाही अशा मुलांपर्यंत ही गोष्ट जाते ती अशाच एखाद्या परतलेल्या वर्गमित्राच्या तोंडून.

भाषा शिकणाऱ्यांसाठी ‘क्रिटिकल लँग्वेज स्कॉलरशिप’ ही परराष्ट्र खात्याची योजना २००६ पासून आहे. आठ ते दहा आठवड्यांचा प्रवास, व्हिसा, शिक्षण, राहणे, जेवण असा सगळाच खर्च ती उचलते, त्यामुळे चुरसही तशीच असते. तिच्या भाषांच्या यादीत हिंदी, उर्दू, बांगला आणि पंजाबी आल्या, मराठी नाही. ओक्लाहोमाचे सिनेटर डेव्हिड बोरेन यांच्या नावाची शिष्यवृत्ती मोठी आहे, पण ती घेणाऱ्याला नंतर किमान एक वर्ष संघराज्य सरकारात नोकरी करावी लागते. उन्हाळ्यापुरती ती विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळते.

मराठी शिकू इच्छिणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यासाठी वाट वेगळी आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था पुण्यात मराठीचे वर्ग चालवते, उन्हाळ्यातही. या वर्गांना येणाऱ्यांचा खर्च बरेचदा ‘फ्लॅस’ या शिक्षण खात्याच्या विद्यावेतनातून भागत आला. या विद्यावेतनाचे मूळ १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यात आहे. सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडल्यावर आपल्याकडे परक्या भाषा जाणणारी माणसेच नाहीत हे अमेरिकेला उमगले, आणि त्या धास्तीतून कमी शिकवल्या जाणाऱ्या भाषांना सरकारी पैसा मिळू लागला.

हा पैसा दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असतो, हे विसरून चालत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत परराष्ट्र खात्याने अशा योजनांचे निधीवाटप थांबवले, तेव्हा आधीच निवड झालेले विद्यार्थीही अधांतरी राहिले. याआधीची मोठी स्वप्नेही अशीच अडली आहेत. सिनेटर पॉल सायमन यांच्या कल्पनेतून नेमलेल्या लिंकन आयोगाने २००५ मध्ये शिफारस केली, की २०१६-१७ पर्यंत वर्षाला दहा लाख अमेरिकी विद्यार्थी परदेशी शिकायला जावेत आणि त्यासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात. विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, सिनेटमध्ये अडकले. त्या ठरलेल्या वर्षी प्रत्यक्षात ३,३२,७२७ विद्यार्थी गेले, म्हणजे लक्ष्याच्या एक तृतीयांश. आजही परदेशी जाणाऱ्यांत गोऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण कॉलेजांतल्या त्यांच्या संख्येपेक्षा जास्त आहे, आणि कम्युनिटी कॉलेजांतून जाणारे अगदी थोडे.

उरलेल्या वाटा थोडक्यात अशा: कॉलेजसाठी साठवलेल्या ५२९ खात्यातले पैसे मान्य कॉलेजमार्फत घेतलेल्या परदेशी शिक्षणाच्या पात्र खर्चाला वापरता येतात. माजी सैनिकांना त्यांच्या शिक्षण-लाभातून काही मंजूर अभ्यासक्रम करता येतात. आईवडिलांच्या नावावरचे ‘प्लस’ कर्ज १ जुलै २०२६ पासून वर्षाला एका मुलामागे २०,००० डॉलरपुरतेच मिळेल. परदेशी अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांपैकी काही पेल ग्रँट घेणाऱ्यांना फीमध्ये सूट देतात. करही ध्यानात ठेवावा लागतो: शिष्यवृत्तीतून फी आणि पुस्तके भरली तर ती रक्कम करमुक्त, पण तीच विमानभाडे किंवा जेवणाखाण्यावर खर्च झाली तर उत्पन्नात धरली जाते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत या नियमांचा परिणाम एकाच घरात तीन तऱ्हांनी दिसतो. भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाला संघराज्याची कोणतीच मदत मिळत नाही. त्याला कॉलेजचा स्वतःचा निधी किंवा पदरमोड एवढेच पर्याय असतात. नोकरीच्या व्हिसावरच्या आईवडिलांबरोबर आश्रित म्हणून आलेल्या मुलीचेही तेच. ग्रीन कार्ड असेल तर ‘फाफ्सा’ भरता येतो, पेल आणि कर्ज उन्हाळ्यातही मिळू शकते, पण गिलमन मिळत नाही, कारण तिला नागरिकत्व लागते. तिथे जन्मलेल्या धाकट्या भावंडाला मात्र उत्पन्नाची अट पुरी होत असेल तर सगळे दरवाजे खुले असतात. ज्यांचे मूल पात्र आहे त्यांनी कॉलेजच्या मदत कार्यालयात ऑगस्टमध्येच एक प्रश्न विचारावा: येत्या उन्हाळ्यासाठी कोणत्या वर्षाचा अर्ज धरला जातो, चालू की पुढचा? या एका उत्तरावर पुढच्या सगळ्या तारखा ठरतात.